कॉन्टेसाचा बरोबर रेडिएटर आणि नाना पेठेतलं हे दुकान

आधी निकाल सांगते. जुन्या गाडीचा पितळी रेडिएटर, म्हणजे इंजिनाचं तापलेलं पाणी थंड करणारी जाळी, कंपनीतून आला होता तसाच पुन्हा उभा करून हवा असेल, तर नाना पेठेतल्या या दुकानात निर्धास्त जा. खोक्यातला तयार नग हवा असेल तर मात्र इथे येऊ नका. तो पुण्यात चार ठिकाणी मिळतो, आणि इथले दुकानदार चाचा स्वतःच तुम्हाला तिकडे पाठवतील. मला माझ्या गाडीचा, माझ्या इंजिनाचा, मूळ भोकांवर बसणारा रेडिएटर हवा होता. तो इथे मिळाला.

गाडी हिंदुस्थान कॉन्टेसा क्लासिक, १.८ इसुझू पेट्रोल, १९९१ची. फलटणकडून घेतली, एका साखर कारखान्याच्या माजी चेअरमनच्या घरातून. पश्चिम महाराष्ट्रात त्या काळी शाळेत असलेल्या कुणालाही विचारा. पांढरी कॉन्टेसा गावात शिरली की कुणीतरी मोठं माणूस आलंय हे पोरांना न सांगता कळायचं. मी त्या पोरांतलीच. त्यामुळे गाडी नुसती चालती ठेवण्यात मला समाधान नव्हतं, बॉनेट उघडल्यावर आत जे जिथे होतं ते तिथेच दिसायला हवं होतं.

बॉडी खणखणीत, इंजिन सुरात. पण समोरच्या पॅनेलला लोखंडी पट्ट्या वेल्ड करून, ‘कुठल्याही गाडीला लागतो’ म्हणून विकला जातो तसला एक ॲल्युमिनियमचा रेडिएटर टांगलेला होता. त्याला लहान गाडीचा इलेक्ट्रिक पंखा प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेला. वरचा होज, म्हणजे पाण्याची रबरी नळी, दोन तुकड्यांचा, मध्ये जीआय पाइप. स्वारगेटहून कात्रजकडे संध्याकाळी निघालं की पद्मावती यायच्या आत तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकायचा. मूळ पंखा चेअरमनसाहेबांच्या गोडाऊनमध्ये पोत्यात गुंडाळलेला सापडला. रेडिएटर मात्र कधीच भंगारात गेला होता. जुन्या गाड्यांच्या बाबतीत हे सर्रास होतं. तांबं-पितळेला मोड चांगली येते, म्हणून गाडी उभी राहिली की आधी रेडिएटर उतरतो. दारं, बंपर, मीटर वर्षानुवर्षं कुठेतरी पडून राहतात, रेडिएटर वितळून जातो. ज्यांना कॉन्टेसाचे दिवे आणि ग्रिल मिळतात त्यांनाही रेडिएटर का मिळत नाही, याचं कारण एवढंच आहे.

ॲल्युमिनियमवर माझा राग नाही. आजच्या जवळपास सगळ्या गाड्यांत तोच असतो, आणि नीट बनवलेला असेल तर इंजिन उत्तम थंड ठेवतो. तांबं उष्णता वाहून नेण्यात ॲल्युमिनियमच्या दीडपटीहून सरस आहे हे खरं. पण तांब्या-पितळेच्या रेडिएटरमध्ये पाण्याची नळी आणि तिला लागून असलेली पातळ पत्र्याची फिन यांच्या जोडात शिसं-कथिलाचा डाख असतो आणि तो उष्णतेची वाट थोडी अडवतो. शिवाय ॲल्युमिनियमच्या नळ्या रुंद काढता येतात. तेव्हा निव्वळ गारव्याच्या हिशेबात दोघांत फारसं अंतर उरत नाही. पितळेचा खरा फायदा दुरुस्तीत आहे. हा डाख १८३ अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागतो, म्हणजे गॅसची बत्ती आणि डाखाची कांडी असलेला कुठल्याही तालुक्याच्या गावचा मिस्त्री गळती बंद करून देऊ शकतो. ॲल्युमिनियमची नळी फुटली तर आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एम-सील लावतात आणि नवा घ्या म्हणतात.

आता ‘कॉन्टेसाचा रेडिएटर’ या शब्दांनी शोधायला निघालात तर काय होतं ते सांगते. ही गाडी मुळात इंग्लंडच्या व्हॉक्सॉल व्हिक्टर एफई आणि व्हीएक्स मालिकेच्या बॉडीवरून आली. हिंदुस्थान मोटर्सने ती १९८४ साली बाजारात आणली तेव्हा तिच्यात अँबॅसडरचंच १४८९ सीसीचं बीएमसी इंजिन होतं. पुढे इसुझूचं १८१७ सीसीचं पेट्रोल इंजिन आलं, मग इसुझूचंच दोन लिटरचं डिझेल. उत्पादन २००२ साली थांबलं. बॉडी एक आणि इंजिनं तीन. इंजिन बदललं की पाण्याच्या नळ्यांची तोंडं बदलतात, पंख्याची जागा बदलते. एसी असेल तर समोर त्याची जाळी, म्हणजे कंडेन्सर, येतो आणि उष्णतेचा हिशेबच वेगळा होतो. त्यामुळे विक्रेता ‘कॉन्टेसाचा आहे’ म्हणाला की पहिला प्रश्न हाच विचारायचा, कुठल्या कॉन्टेसाचा?

यातला सगळ्यात फसवा नग म्हणजे अँबॅसडर १८०० आयएसझेडचा. १९९२च्या सुमारास अँबॅसडरमध्येही हेच इसुझू पेट्रोल इंजिन बसायला लागलं. म्हणून विकणारे बेधडक सांगतात, इंजिन सेम, रेडिएटर सेम. मला एका ऑनलाइन विक्रेत्याने हेच सांगितलं. मी भोसरीत एका प्रेस शॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे, त्यामुळे टेप लावल्याशिवाय काही घ्यायचं नाही ही सवय हाडात आहे. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना टेप लावून फोटो पाठवा म्हटलं. फोटो आला, आणि उंची, बोल्ट लावायच्या कानांची जागा, काहीच माझ्या पॅनेलशी जुळेना. साहजिक आहे. अँबॅसडरचं नाक उंच आणि अरुंद, कॉन्टेसाचं बसकं आणि रुंद. इंजिन एक असलं तरी रेडिएटर बसतो बॉडीवर. तसा सरळ फोटो पाठवायला जो तयार नसेल त्याच्याशी पुढे बोलण्यात वेळ घालवू नका.

लोक कॉन्टेसाला हौसेने भारताची मसल कार म्हणतात. अमेरिकेतल्या खऱ्या मसल कारची लाट १९६४च्या पॉन्टिॲक जीटीओपासून धरतात. मध्यम आकाराच्या गाडीत भलंमोठं आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन, असा तो प्रकार. आपल्या गाडीत चारच सिलिंडर, तेव्हा ताकदीची बरोबरी करायला मी जाणार नाही. पण मूळ भाग ओळखण्याची त्यांची शिस्त मला फार उपयोगी पडली. डॉज, प्लिमथ या क्रायस्लरच्या गाड्यांच्या रेडिएटरवर वरच्या टाकीवर पार्ट नंबर आणि बनवल्याच्या तारखेचा कोड ठोकलेला असतो. गाडी जुळल्याच्या तारखेच्या थोडा आधीचा कोड असेल तरच जाणकार तो रेडिएटर त्या गाडीचा मानतात. जनरल मोटर्सच्या गाड्यांना रेडिएटर न्यूयॉर्क राज्यातल्या लॉकपोर्टच्या हॅरिसनकडून यायचे, त्यांच्या टाकीवर कोड असलेली छोटी धातूची पट्टी असते. १९६७ ते १९७०च्या मस्टँगमध्ये २० इंची आणि २४ इंची असे दोन कोर, म्हणजे नळ्या-फिनांचे मधले गाभे, येत, मोठ्या इंजिनाला मोठा. ऑटोमॅटिक गिअर असेल तर गिअरचं तेल थंड करणारी नळी टाकीच्या आतच असते, म्हणून बाहेर दोन जादा तोंडं दिसतात. मॅन्युअल गाडीच्या रेडिएटरला ती नसतात. म्हणजे मॉडेल आणि साल जुळलं तरी काम संपत नाही. गाडी घेताना काय काय ऑर्डर केलं होतं यावर रेडिएटर ठरायचा.

हे वाचल्यापासून मी रेडिएटरकडे एक डबा म्हणून बघणं सोडून दिलं. त्याच्या दोन टाक्या, बाजूच्या पट्ट्या आणि मधला कोर हे तीन वेगळे भाग आहेत. गाडीची ओळख टाक्यांत आणि पट्ट्यांत असते, कोर हा झिजणारा माल. मूळ टाक्या आणि पट्ट्या मिळाल्या तर कोर नवा घालूनही रेडिएटर मूळच राहतो. अख्खा ‘ओरिजिनल, न वापरलेला’ नग शोधत बसण्यापेक्षा मूळ टाक्या शोधाव्यात, हे माझं ठाम मत आहे. तीस वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला नवाकोरा नगही शेवटी डाख कुजलेला आणि फिनं दबलेली निघू शकतो.

नाना पेठेत स्पेअर पार्टची दुकानं किती आहेत हे पुणेकरांना सांगायला नको. तिथे रेडिएटर विकणारे बरेच, दुरुस्त करणारे त्याहून कमी, आणि टाक्या जपून ठेवणारे मला हे एकच चाचा भेटले. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली, बाहेर फुटपाथला लागून सिमेंटचा हौद, आत लाकडी माळा. माळ्यावर नुसत्या टाक्या, प्रत्येकीवर खडूने गाडीचं नाव लिहिलेलं. फियाट, अँबी डिझेल, मॅटाडोर, स्टँडर्ड २०००, जोंगा. त्यांच्या वडिलांपासूनची पद्धत आहे म्हणे. कोर गेलेला रेडिएटर गिऱ्हाइकाने टाकून दिला तर कोर भंगारात जातो, टाक्या माळ्यावर जातात.

चाचांनी मला गाडीचं साल विचारलंच नाही. त्यांचा पहिला प्रश्न, “पेट्रोल की डिझेल?” दुसरा, “एसी कंपनीचा की मागाहून बसवलेला?” तिसरा, “खालचा होज ड्रायव्हरच्या बाजूला उतरतो का पलीकडे?” मी घरून पॅनेलचं चित्र काढून नेलं होतं, भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतची मापं, होजच्या तोंडांचे बाहेरचे व्यास, पंख्याच्या पात्यापासून पॅनेलपर्यंतचं अंतर, सगळं मिलिमीटरमध्ये. ते त्यांनी हातात घेऊन शांतपणे वाचलं, मग पोराला माळ्यावर चढवलं. पोराने आधी एक जोडी खाली दिली, ती चाचांनी पाहताक्षणी परत वर पाठवली. “ही दीड लिटरवाली. ताई, तुमची अठराशे आहे ना, मग ही नाही चालायची.” दुसरी जोडी खाली आली, बाजूच्या पट्ट्यांसकट, जुना कोर अजून न सोडवलेली. त्यांनी टेप लावला, माझ्या कागदाशी ताडला. मग पट्टीच्या एका कानावर अंगठा ठेवून मला जवळ बोलावलं. तिथलं भोक गोल नसून लांबट होतं. माझ्या पॅनेलवर त्याच ठिकाणी बोल्ट घासल्याची लांबट खूण होती, ती मी चित्रात टिपली होती पण तिचा अर्थ मला लागला नव्हता. त्यांना लागला.

टाकीच्या पुढच्या अंगाला ठोकलेला नंबर अर्धा घासलेला आहे, पण आहे. त्यावर जाड रंग मारायचा नाही असं मी आधीच सांगून ठेवलं. चाचा म्हणाले, “नंबर बुजवायचा असता तर तीस वर्षं कशाला सांभाळला असता?”

कोरच्या बाबतीत माझ्याबरोबर आलेल्या आमच्या हडपसरच्या मेकॅनिकने आग्रह धरला की नळ्यांची एक ओळ वाढवून टाका, पुण्याचा उन्हाळा आता पूर्वीचा राहिला नाही. बहुतेक दुकानं हे आनंदाने करतात, कारण जादा ओळ म्हणजे जादा बिल. चाचांनी नकार दिला, आणि का ते समजावूनही सांगितलं. टाकी ज्या पितळी पट्टीवर बसते तिच्यात नळ्यांची भोकं असतात. मूळ टाकीच्या तोंडाला मूळ रुंदीचीच पट्टी बसते. ओळ वाढवायची तर टाकी रुंद करावी लागते, म्हणजे पत्रा कापून जोड द्यावा लागतो, आणि मग ती टाकी मूळ राहत नाही. दुसरं असं की मागच्या ओळीपर्यंत पोहोचणारी हवा पुढच्या ओळींनी आधीच तापवलेली असते. कोर जाड झाला की हवेला अडथळाही वाढतो. हायवेला गाडी पळत असताना वारा दाबाने आत शिरतो म्हणून चालून जातं. ट्रॅफिकमध्ये आयडलवर, इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंखा सावकाश फिरत असतो, तेव्हा जाड कोरमधून तो पुरेशी हवा खेचू शकत नाही. पुण्यात गाडी तापते ती नेमकी अशा वेळी. फिनंही फार दाट नको याच कारणाने, शिवाय दाट फिनांत धूळ आणि किडे अडकून बसतात. मूळ मापाचा, मूळ तेवढ्याच ओळींचा कोर बाहेरून बनवून मागवायचं ठरलं.

कोर यायला सांगितल्यापेक्षा बराच उशीर झाला. या दुकानाबद्दल माझी पहिली तक्रार तीच. आज-उद्या, आज-उद्या ऐकावं लागलं, आणि फोन उचलला गेला तर नशीब. घाईचं काम असेल, गाडी रोजच्या वापरातली असेल, तर हे लक्षात घेऊनच जा.

काम चालू असताना मी समोर बसून होते, बसू देतात. जुना कोर आधी टाक्यांपासून सोडवला. बत्तीची ज्योत टाकीच्या कडेकडेने फिरवत न्यायची, डाख चमकून ओला झाला की लगेच तारेच्या ब्रशने झटकायचा, आणि थांबायचं नाही. एका जागी ज्योत रेंगाळली तर पितळ लाल होऊन मऊ पडतं आणि कड वाकते. पूर्ण फेरी झाल्यावर टाकी हलक्या हाताने वर उचलली गेली. आत करड्या-पांढऱ्या क्षाराचा थर होता, नखाने निघेना. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी वर्षानुवर्षं घातलं की हेच होतं. तोच थर नळ्यांत बसतो आणि पाण्याची वाट बंद करतो. कोर मेला होता तो यामुळेच. टाक्या द्रावणात बुडवून ठेवल्या, मग धुऊन, घासून, कडांना ॲसिड लावून डाखाचा पातळ हात दिला. कल्हईवाला भांड्यात कापसाचा बोळा फिरवतो त्याच लयीत चाचांनी कापडाचा बोळा कडेवरून फिरवला, आणि काळपट पितळ सरळ रुपेरी झालं. नव्या कोरच्या पट्टीलाही तसंच. मग दोन्ही एकमेकांवर बसवून, चारी कोपऱ्यांत टाके घेऊन, काटकोन तपासला. माझ्या पिशवीत गुण्या होता. त्यांनी न विचारता हात पुढे केला, लावून पाहिला, एक टाका सोडवून पुन्हा घेतला. मगच पूर्ण डाख भरला.

तपासणी हौदात. तिन्ही तोंडांना रबरी बूच, एका बुचातून हवेची नळी, आणि अख्खा रेडिएटर पाण्याखाली. हवेचा दाब रेडिएटरच्या झाकणावर, म्हणजे कॅपवर, लिहिलेल्या आकड्यापेक्षा थोडाच वर ठेवला, कारण जास्त दाब दिला तर चांगला डाखही उकलतो. बाजूंनी काही नाही, टाकीच्या कडेला काही नाही. खालच्या नळाच्या बुडाशी मात्र मोहरीएवढे बुडबुडे, एकामागून एक. ते दिसायला वेळ लागला, कारण सुरुवातीला फिनांत अडकलेली हवाच बाहेर येत असते आणि घाईचा माणूस ‘हे तेच’ म्हणून बाहेर काढतो. चाचा पाण्यात फिनांवरून हात फिरवत राहिले, साठलेली हवा संपेपर्यंत, आणि मग उरलेली ती एकच रेघ मला दाखवली. पुन्हा बाहेर, पुन्हा बत्ती, पुन्हा हौद. दुसऱ्या वेळी पाणी निवांत. माझ्या कंपनीत ज्याला आम्ही लीक टेस्ट म्हणतो ती यंत्रावर होते, आकडा स्क्रीनवर येतो. या हौदातल्या तपासणीवर माझा तेवढाच विश्वास बसला.

वर काळ्या रंगाचा एक पातळ हात. फिनांवर रंगाचा जाड थर नको, तो उष्णता अडवतो.

बिल १३,५०० रुपये झालं, टाक्या, कोर, मजुरी धरून. छापील पावती नाही, वहीच्या कागदावर हिशेब लिहून मिळतो. पैसे रोख किंवा यूपीआयने. जुन्या टाक्यांचे त्यांनी भंगाराच्या भावापेक्षा थोडेच जास्त लावले. तोच माल ऑनलाइन टाकला असता तर हौशी माणसाकडून तिप्पट मिळाले असते, हे त्यांना चांगलं माहीत आहे. मी तसं म्हटलंही. त्यांचं उत्तर होतं की ज्याच्याकडे गाडी आहे त्यालाच टाकी द्यायची, शोकेसमध्ये ठेवणाऱ्याला नाही.

रेडिएटर घेऊन निघताना त्यांनी ज्या गोष्टी बजावल्या त्यांतल्या दोन मला सगळ्यात मोलाच्या वाटतात. पहिली कॅप. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, इथे उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला त्याहून आणखी लवकर. बंद रेडिएटरमध्ये दर एक पीएसआय दाबाला उकळबिंदू सुमारे दीड अंशाने वर जातो, म्हणून कॅपचं रबर कुजलं असेल तर नवा कोर घालूनही गाडी उकळणारच. मात्र आजच्या गाडीची जास्त दाबाची कॅप त्यावर बसते म्हणून बसवायची नाही, ती पितळी टाकीचा डाख फाडते. जुन्या कॅपवर जो आकडा छापलाय त्याच दाबाची घ्यायची. दुसरी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. आपल्याकडे गाडी तापली की मेकॅनिक आधी थर्मोस्टॅट काढून फेकतात आणि गिऱ्हाइकाला ‘व्हॉल्व्ह काढला, आता नाही तापणार’ सांगतात. त्याने इंजिन कामाच्या तापमानाला वेळेवर पोहोचत नाही, पेट्रोल जास्त पितं, आणि मूळ दोष झाकून राहतो. माझ्याही गाडीत तो नव्हता. चाचांनी स्पष्ट सांगितलं, “तो परत लावा. नाही लावला आणि काही झालं तर माझ्याकडे येऊ नका.” लावला.

कुलंटबद्दल, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात घालायच्या द्रवाबद्दल, माझी स्वतःची भर. शिशाचा डाख असलेल्या रेडिएटरला जुन्या पद्धतीचं हिरवं कुलंट घाला, निम्मं कुलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी. नव्या गाड्यांसाठीची ऑरगॅनिक ॲसिडवाली लांब मुदतीची कुलंटं या डाखाला मानवत नाहीत असा जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या बऱ्याच जणांचा अनुभव आहे. मी तो धोका घेत नाही. हिरवं कुलंट दोन वर्षांनी बदलावं लागतं, तेवढं बदलायचं. बोअरचं पाणी तर एक थेंबही नाही.

गाडीत रेडिएटर बसवताना पट्टीची सगळी भोकं पॅनेलच्या भोकांवर आली. वेल्ड केलेल्या पट्ट्या कापून, ग्राइंड करून, तिथे प्रायमर मारला. होज एकसंध बसले. मूळ पंखा परत पाण्याच्या पंपावर चढला आणि इलेक्ट्रिक पंख्याची लोंबणारी वायरिंग गेली. मे महिन्यात दुपारी, एसी लावून, चार माणसं घेऊन खंबाटकीचा घाट चढलो तेव्हा काटा मध्याच्या थोडा वर गेला आणि घाटमाथ्याला पुन्हा मध्यावर आला. स्वारगेट ते कात्रज संध्याकाळच्या गर्दीतही तो मध्यापाशी थांबतो. मला हीच परीक्षा जास्त महत्त्वाची होती. घाटात निदान गाडी पुढे सरकत तरी असते.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. चारचाकी घेऊन नाना पेठेत शिरू नका, रेडिएटर उतरवून रिक्षाने न्या. सकाळी दुकान उघडता उघडता गाठा, दुपारी हौदापाशी रांग असते. शुक्रवारी दुपारी नमाजासाठी बंद असतं. जुना रेडिएटर कितीही खराब असला तरी भंगारवाल्याला देऊ नका, आहे तसा सोबत न्या, टाकीचा एखादा कानही ओळखीला पुरतो. रेडिएटरच नसेल तर पॅनेलची मापं, दोन्ही होज काढून, आणि बॉनेट उघडून समोरून सरळ काढलेला फोटो. कुरिअरने काम घेत नाहीत, बाहेरगावच्या माणसाला स्वतः यावं लागतं किंवा कुणाला पाठवावं लागतं. ॲल्युमिनियम आणि प्लास्टिक टाकीच्या रेडिएटरला हात लावत नाहीत, त्यासाठी वाद घालू नका.

माझं एक काम मात्र इथेही झालं नाही. पंख्याभोवतीचा मूळ श्राउड, म्हणजे हवा कोरमधूनच खेचली जावी म्हणून असलेलं कडं. रेडिएटरच्या पट्टीवर त्याचे स्क्रू बसायची जागा शाबूत आहे, पण श्राउड चाचांकडे नाही, जुन्या बाजारात मिळाला नाही आणि फलटणच्या गोडाऊनमध्येही नव्हता. तो आला तर आयडलवर पंख्याची सगळी हवा कोरमधूनच खेचली जाईल. कुणाकडे १.८ पेट्रोल कॉन्टेसाचा श्राउड असेल, तडा गेलेला असला तरी चालेल, तर टेप लावून फोटो पाठवा. नसेल तर मूळ श्राउड लावलेल्या गाडीची मापं तरी घेऊ द्या, पत्र्यातून बनवून घेईन.